जुना गेम रुंद मॉनिटरवर पसरट दिसतो, नीट केला तरी पुन्हा बिघडतो: काय तपासायचं

लक्षणं सगळ्यांच्या ओळखीची आहेत. जुना गेम सुरू केला की माणसं बुटकी नि जाडजूड दिसतात, गाडीची चाकं लंबगोल फिरतात, कोपऱ्यातलं गोल रडार अंडाकृती होतं. शोधाशोध करून कुठलंसं एक सेटिंग सापडतं, ते बदललं की चित्र ताळ्यावर येतं. काही दिवसांनी तोच गेम उघडावा, तर पहिले पाढे पंचावन्न.

दुरुस्ती टिकत नाही याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: चित्र नेमकं कोण ताणतंय हे न बघताच उपाय केलेला असतो. ताणणारे तीन असू शकतात. गेम स्वतः, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आणि मॉनिटर. (विंडोजही मध्येच हात घालते, पण तिची खोड वेगळी दिसते, ती पुढे येईलच.) ताणत असतो मॉनिटर आणि आपण बदलत बसतो गेमची फाइल. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आधी थोडं गणित, कारण पुढची तपासणी त्यावरच उभी आहे. जुने गेम ४:३ (रुंदी:उंची) पडद्यासाठी बनले. ६४० × ४८०, ८०० × ६००, १०२४ × ७६८ या तिन्हींचं प्रमाण ४:३. आजचा नेहमीचा मॉनिटर १९२० × १०८०, म्हणजे १६:९. उंची १०८० धरली तर ४:३ चित्राला १४४० पिक्सेल रुंदी लागते. उरलेले ४८० पिक्सेल, डावीकडे २४० आणि उजवीकडे २४०, काळे राहायला हवेत. ते काळे न राहता चित्र तिथपर्यंत ओढलं गेलं की प्रत्येक वस्तू एक तृतीयांशाने रुंद होते.

पट्टी घ्या आणि मोजा

डोळ्यांवर विसंबू नका. पसरट चित्राची डोळ्यांना अर्ध्या तासात सवय होते आणि मग बरोबर चित्रच उभट वाटायला लागतं. गेममध्ये जे हमखास गोल असायला हवं ते शोधा. २००२ च्या ‘व्हाइस सिटी’त डाव्या कोपऱ्यातलं रडार गोल आहे, रेसिंगच्या गेममध्ये स्पीडोमीटर असतो. गेम थांबवा आणि पडद्यावर साधी पट्टी धरून आडवं-उभं माप घ्या. आडवं माप भागिले उभं माप.

उत्तर १.३३ च्या आसपास आलं तर ४:३ चित्र सरळ १६:९ वर ओढलंय. १६:१० पडद्यावर हाच आकडा १.२ येतो, २५६० × १०८० च्या अतिरुंद पडद्यावर १.७८. उत्तर १ पेक्षा किंचित कमी, ०.९४ वगैरे आलं, तर गेममध्ये १२८० × १०२४ निवडलेलं असण्याची दाट शक्यता. हे रिझोल्यूशन ४:३ नाही, ५:४ आहे. जुन्या गेमच्या यादीत ते बरेचदा सगळ्यात खाली, म्हणजे सगळ्यात मोठं म्हणून असतं, आणि मोठं ते चांगलं म्हणून आपण तेच निवडतो. त्याऐवजी १२८० × ९६० किंवा १६०० × १२०० घ्या, लगेच फरक दिसेल.

एक माप पुरत नाही. रडार हा पडद्यावर चिकटवलेला थर आहे, खेळातलं जग वेगळं रेखाटलं जातं. म्हणून दुसरं माप जगातल्या वस्तूचं घ्या: बाजूने दिसणारं गाडीचं चाक, समोरची गोल पाटी. ती वस्तू पडद्याच्या मधोमध आणा, कारण दृश्यकोन मोठा असला की कडेच्या वस्तू तशाही लांबट दिसतात, तो बिघाड नव्हे. चाक गोल आणि रडार लंबगोल, असं निघालं तर दोष फक्त त्या वरच्या थरात आहे, आणि कार्डाच्या किंवा मॉनिटरच्या सेटिंगने तो कधीच जाणार नाही.

मग गुन्हेगार कोण ते ठरवा

यासाठी दोन चाचण्या आहेत. पहिली: गेम ८०० × ६०० वर चालू असताना मॉनिटरचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेन्यू उघडा आणि माहितीचं पान बघा. मॉनिटरला सध्या कोणतं रिझोल्यूशन पोचतंय ते तिथे लिहिलेलं असतं. ८०० × ६०० दिसलं तर कार्डाने चित्र आहे तसं पाठवलंय आणि मॉनिटर ते ताणतोय. १९२० × १०८० दिसलं तर ताणाताणी कॉम्प्युटरच्या आतच झाली आहे, मॉनिटर निर्दोष.

दुसरी चाचणी आतल्या दोघांना वेगळं करायला. गेमची स्वतःची स्क्रीनशॉट घेण्याची कळ असेल तर ती वापरा आणि तयार झालेली फाइल डेस्कटॉपवर उघडा. स्क्रीनशॉट कार्डाने ताणायच्या आधीच्या चित्राचा असतो. फाइल ८०० × ६०० ची आहे आणि तिच्यात रडार गोल आहे, तर गेमने काम चोख केलंय, पुढे कार्डाने ओढलंय. फाइलच १९२० × १०८० ची आणि रडार तिच्यातही लंबगोल, तर दोष गेममध्येच.

या दोन चाचण्यांना पाच मिनिटं लागतात. त्या न करता पुढचं काहीही करू नका, नाहीतर अंधारात चाचपडणं होतं.

मॉनिटर ताणत असेल तर

मॉनिटरच्या मेन्यूत ‘इमेज’, ‘पिक्चर’ किंवा ‘ॲस्पेक्ट’ नावाखाली पर्याय असतो: वाइड, ४:३, १:१, ऑटो. ऑटो किंवा ४:३ करा. १:१ निवडलं तर चित्र मूळ आकारात, पडद्याच्या मध्यभागी लहानसं येतं.

पर्याय राखाडी पडलेला असेल तर दोन कारणं संभवतात. कॉम्प्युटरकडून १९२० × १०८० च येत असेल तर मॉनिटरला करण्यासारखं काही उरतच नाही. किंवा फ्रीसिंकसारखं बदलत्या रिफ्रेश रेटचं सेटिंग चालू असेल. बऱ्याच मॉनिटरवर ते चालू असताना प्रमाण बदलता येत नाही. आणि मॉनिटर हे सेटिंग अनेकदा पोर्टनुसार वेगवेगळं लक्षात ठेवतो. केबल एचडीएमआयमधून काढून डिस्प्लेपोर्टमध्ये लावली की सगळं नव्याने करावं लागतं. स्वच्छ सांगायचं तर मॉनिटरवर अवलंबूनच राहू नये. काही स्वस्त मॉनिटरमध्ये हा पर्यायच नसतो. कार्डाला काम सांगितलेलं बरं.

कार्डाला काम सांगताना

एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘डिस्प्ले’ खाली ‘ॲडजस्ट डेस्कटॉप साइझ अँड पोझिशन’ उघडा. ‘ॲस्पेक्ट रेशो’ निवडा. खाली ‘परफॉर्म स्केलिंग ऑन’ असं विचारलेलं असतं, तिथे ‘जीपीयू’, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, करा. डीफॉल्ट काही वेळा ‘डिस्प्ले’ असतं आणि मग वरचं ॲस्पेक्ट रेशो शोभेपुरतं राहतं. त्याच्याही खाली एक चौकट आहे, गेमने मागितलेलं स्केलिंग बाजूला सारून आपलं लागू करण्याची. तिच्यात खूण हवीच. विंडोजमध्ये प्रोग्रॅमला रिझोल्यूशन मागताना ‘मला ताणून दाखव’ किंवा ‘मध्यभागी दाखव’ असंही सांगता येतं. काही जुने गेम ‘ताणून’ मागतात आणि ड्रायव्हर आज्ञाधारकपणे ऐकतो. बाकी सगळे गेम बरोबर आणि एकच पसरट, असं असेल तर पहिला संशय या चौकटीवर घ्या.

एएमडीच्या ॲड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग्जमधल्या ‘डिस्प्ले’ टॅबवर ‘जीपीयू स्केलिंग’ चालू करायचं आणि ‘स्केलिंग मोड’ला ‘प्रिझर्व्ह ॲस्पेक्ट रेशो’. इंटेलच्या ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये ‘डिस्प्ले’ खालच्या ‘स्केल’मध्ये ‘मेंटेन ॲस्पेक्ट रेशो’.

लॅपटॉपवाल्यांची इथे हमखास फसगत होते. एनव्हिडियाचं कार्ड आहे, पण कंट्रोल पॅनेलमध्ये ‘डिस्प्ले’ हा विभागच नाही. कारण बऱ्याच लॅपटॉपचा पडदा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेला असतो. एनव्हिडिया चित्र काढून त्याच्या हवाली करतं आणि शेवटचं ताणणं तो करतो. त्यामुळे सेटिंगही इंटेलच्या किंवा एएमडीच्या पॅनेलमध्येच शोधायचं. त्याच लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर लावला तर तो पोर्ट थेट एनव्हिडियाला जोडलेला असू शकतो, आणि मग त्या मॉनिटरपुरतं सेटिंग एनव्हिडियाकडे जातं. लॅपटॉपच्या पडद्यावर ठीक आणि मॉनिटरवर पसरट, या कोड्याचं उत्तर बहुधा हेच.

चित्र प्रमाणात आलं पण धुरकट दिसतंय, अशी तक्रार असेल तर ‘इंटिजर स्केलिंग’ वापरून बघा. म्हणजे एका पिक्सेलचे बरोबर दोन, तीन किंवा चार करायचे, अर्धेमुर्धे नाहीत. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकेपासून पुढे ते आहे. एएमडी आणि इंटेलनेही २०१९ मध्ये ते आणलं. १०८० ओळींच्या पडद्यावर ६४० × ४८० चा गेम दुपटीने १२८० × ९६० होतो, वर-खाली साठ साठ ओळी काळ्या. १४४० ओळींच्या पडद्यावर मात्र तोच गेम तिपटीने वरपासून खालपर्यंत तंतोतंत बसतो. दोन मॉनिटर असतील तर ६४० × ४८० साठी १४४० वाला निवडा, चित्राची धार बघून खूश व्हाल.

गेमच ताणत असेल तर

इथे खरा खेळ आहे. (आज्ञा आणि फाइलमधली नावं पुढे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, प्रत्यक्षात ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाकायची.)

पहिला प्रकार: यादीत रुंद रिझोल्यूशनच नाही. २००५ च्या ‘नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड’च्या पीसी आवृत्तीत असंच आहे. चाहत्यांनी केलेला वाइडस्क्रीन पॅच हा अशा गेमवरचा सरळ उपाय. तो बहुधा एका डीएलएल फाइलच्या (गेम सुरू होताना सोबत उचलतो अशा फाइलच्या) रूपात असतो आणि गेम चालवणाऱ्या मुख्य एक्झी फाइलच्या शेजारीच ठेवावा लागतो, आतल्या एखाद्या उपफोल्डरमध्ये नाही. निम्म्या ‘पॅच चालत नाही’ तक्रारी इथेच मिटतात.

दुसरा प्रकार: रिझोल्यूशन रुंद घेता येतं, पण जग ताणलेलं किंवा कापलेलं दिसतं. हा दृश्यकोनाचा, म्हणजे एफओव्हीचा मामला. नीट बनलेल्या गेममध्ये रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंचं जास्त जग दिसतं आणि उंची तेवढीच राहते. काही गेम आडवा कोन तसाच ठेवून वरचं-खालचं छाटतात. २००७ चा ‘बायोशॉक’ आला तेव्हा असंच होतं: रुंद पडद्यावर ४:३ पेक्षा कमी दिसायचं, इतकी ओरड झाली की पुढे पॅचमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागला. छाटलेलं चित्र पसरट नसतं, त्यामुळे पट्टीने ते पकडता येत नाही. हातातली बंदूक अवाढव्य वाटणं आणि खेळताना गरगरणं ही त्याची खूण.

कोन किती ठेवायचा? अंदाजाने सरकवू नका. ४:३ वरच्या कोनाच्या निम्म्याचा टॅन काढा, त्याला नव्या-जुन्या प्रमाणाच्या भागाकाराने गुणा, उलट टॅन घ्या, दुप्पट करा. कॅल्क्युलेटर काढायचा कंटाळा असेल तर तयार उत्तरं: मूळ ९० अंश असतील तर १६:१० ला १००, १६:९ ला १०६, २५६० × १०८० ला १२१. मूळ ७५ असतील तर १६:९ ला ९१.

उदाहरणादाखल १९९९ चा ‘क्वेक ३’. कन्सोल, म्हणजे गेममधली आज्ञा टाइप करायची पट्टी, उघडून आर_मोड ला उणे १ द्यायचं, आर_कस्टमविड्थ ला १९२०, आर_कस्टमहाइट ला १०८०, सीजी_एफओव्ही ला १०६, आणि शेवटी व्हिड_रीस्टार्ट. जग बरोबर होतं. खालचे आकडे आणि चेहरा मात्र रुंदच राहतात, कारण तो थर ६४० × ४८० च्या मापाने रेखाटून पडद्याभर ओढला जातो. मूळ गेममध्ये त्याला इलाज नाही. सुधारित आवृत्ती वापरा किंवा सोडून द्या. खेळताना पाच मिनिटांत लक्षातही राहत नाही.

त्याच वर्षीच्या ‘अनरिअल टूर्नामेंट’मध्ये कन्सोलवर एफओव्ही १०६ लिहिलं की चित्र ठीक होतं, आणि थोड्या वेळाने पुन्हा ९०. तात्पुरती किंमत बदलली, मूळ बदलली नाही. यूजर.आयएनआय फाइलमधल्या इंजिन.प्लेअरपॉन या भागात डीफॉल्टएफओव्ही आणि डिझायर्डएफओव्ही अशा दोन ओळी आहेत. दोन्ही बदलायच्या, एक नाही.

तिसरा प्रकार धाडसी लोकांसाठी. पॅच नाही, फाइल नाही, प्रमाण थेट एक्झीमध्येच कोरलेलं आहे. ४:३ म्हणजे १.३३३३, ही दशांश संख्या बत्तीस बिटांत साठवली की बाइट्स येतात एबी एए एए ३एफ. १६:९ चे बाइट्स ३९ ८ई ई३ ३एफ. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट्स थेट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) पहिली मालिका शोधून दुसरी टाकली की कित्येक गेम सुतासारखे सरळ होतात. ती एकापेक्षा जास्त ठिकाणी सापडली तर एकेक बदलून बघावी लागते, कारण १.३३३३ हा आकडा गेममध्ये भलत्याच हिशेबासाठीही वापरलेला असू शकतो. एक्झीची प्रत आधी बाजूला ठेवा. ऑनलाइन खेळल्या जाणाऱ्या गेमला हे करू नका. फसवेगिरी पकडणारी यंत्रणा तुमचा हेतू विचारत नाही, थेट बंदी घालते.

पडद्यावर पावच चित्र दिसतं, किंवा क्लिक भलतीकडे लागतं

ही विंडोजची खोड. पडदा ४के आहे आणि विंडोजमध्ये मजकुराचा आकार १५० टक्के ठेवलाय, तर जुन्या प्रोग्रॅमला विंडोज खरं रिझोल्यूशन सांगतच नाही. ३८४० × २१६० ऐवजी २५६० × १४४० सांगते. मग गेमचा हिशेब चुकतो: वरचा डावा कोपराच दिसतो, बाकी पडद्याबाहेर, किंवा ‘स्टार्ट’वर क्लिक केलं की ‘क्विट’ लागतं.

गेमच्या एक्झीवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, ‘कंपॅटिबिलिटी’ टॅब, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’, खालच्या चौकटीत खूण आणि यादीतून ‘ॲप्लिकेशन’. लाँचर (गेमच्या आधी उघडणारी छोटी खिडकी) वेगळा असेल तर खऱ्या गेमच्या एक्झीवर करा, लाँचरवर नाही. गेम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये जे नाव दिसतं ती खरी फाइल.

टीव्हीला जोडून खेळताना चारही कडा थोड्या थोड्या कापल्या जात असतील तर तो टीव्हीचा ओव्हरस्कॅन. टीव्हीच्या मेन्यूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘१:१’ करा, झालं.

डॉसचे (विंडोजच्या आधीच्या काळातले) गेम: इथे पिक्सेलच चौरस नाहीत

१९९३ चा ‘डूम’ किंवा डॉसवरचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ ३२० × २०० मध्ये चालतो. भागाकार करा: १६:१०. पण तो दिसायचा ४:३ च्या मॉनिटरवर, म्हणजे प्रत्येक पिक्सेल रुंदीपेक्षा सव्वापटीच्या थोडा खाली, नेमका १.२ पट उंच असायचा. चित्रकारांनी चित्रंही तेच गृहीत धरून काढली. आजच्या पडद्याचे पिक्सेल चौरस, त्यामुळे प्रमाण जपलं असं वाटूनही सगळे बुटके दिसतात.

१६:१० पडद्याचा लॅपटॉप असेल तर आणखी मजा. ३२० × २०० तिथे काठोकाठ भरतं, एकही काळा पट्टा नाही, त्यामुळे कोणाला संशयही येत नाही. आणि चित्र चुकलेलंच असतं.

डॉसबॉक्स, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर डॉसचे गेम चालवणारा प्रोग्रॅम, त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये रेंडर विभागात ॲस्पेक्टपुढे ट्रू लिहा. एसडीएल विभागात आउटपुटला ओपनजीएल आणि फुलरिझोल्यूशनला डेस्कटॉप. आउटपुट ‘सरफेस’ असेल तर खिडकीचा आकार बदलण्याच्या ओळीकडे डॉसबॉक्स ढुंकूनही बघत नाही, हे कित्येकांना खूप उशिरा कळतं. जुने ॲडव्हेंचर गेम चालवणाऱ्या स्कमव्हीएममध्ये ग्राफिक्सच्या पर्यायांत ‘ॲस्पेक्ट रेशो करेक्शन’ची चौकट आहे, तिच्यात खूण पुरते. ३२० × २०० ला नीट पूर्ण पटीत बसवायचं तर आडवे पाच आणि उभे सहा पट करावं लागतं, म्हणजे १६०० × १२००. १०८० च्या पडद्यावर ते मावत नाही, तेव्हा जराशी धुरकट कड चालवून घ्या.

विंडोज ९५ ते एक्सपीच्या काळातल्या गेमसाठी डीजीवूडू २ हे सगळ्यात कामाचं हत्यार. ते डायरेक्टएक्स आणि ग्लाइड या चित्र काढण्याच्या जुन्या पद्धतींतल्या आज्ञा नव्या डायरेक्टएक्समध्ये बदलून देतं. त्याच्या एमएस फोल्डरमधल्या एक्स८६ मधल्या डीएलएल गेमच्या एक्झीशेजारी ठेवा, कंट्रोल पॅनेलची एक्झीही तिथेच, आणि स्केलिंग मोडला प्रमाण जपणारा पर्याय द्या. कोपऱ्यात त्याचं चिन्ह दिसलं म्हणजे ते गेमला लागू झालंय. दिसलं नाही तर सेटिंगशी झगडू नका, डीएलएल चुकीच्या जागी आहेत. लागू झाल्याची खात्री पटली की डायरेक्टएक्स टॅबमधून चिन्ह बंद करा. फक्त डायरेक्टड्रॉ (डायरेक्टएक्सचा द्विमितीय भाग) वापरणाऱ्या गेमना सीएनसी-डीड्रॉ हे तसंच हत्यार त्याहून हलकं पडतं.

आणि मग, येरे माझ्या मागल्या

आता मूळ दुखणं: सगळं नीट केलं, तरी पुन्हा बिघडतं.

सगळ्यात फसवं कारण आहे विंडोजचं व्हर्च्युअलस्टोअर. व्हिस्टापासून साध्या प्रोग्रॅमला प्रोग्रॅम फाइल्स फोल्डरमध्ये लिहायला मनाई आहे. जुन्या गेमला हे ठाऊक नाही, तो आपली सेटिंगची आयएनआय फाइल तिथेच लिहायला जातो. विंडोज त्याला अडवत नाही, गुपचूप ती फाइल तुमच्या यूजर फोल्डरमधल्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या वाटेने दुसरीकडे ठेवते. पुढच्या वेळी गेम ती प्रत वाचतो. तुम्ही मात्र प्रोग्रॅम फाइल्समधली मूळ फाइल उघडून १०६ लिहिता, जतन करता, आणि काहीच बदलत नाही. यातली खरी गंमत म्हणजे गेम ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने सुरू केला तर तो मूळ फाइल वाचतो, साधा सुरू केला तर प्रत. शॉर्टकट दोन असतील, एक ॲडमिनिस्ट्रेटरवाला आणि एक साधा, तर एकाच गेमची दोन वेगळी रूपं आलटूनपालटून दिसतात आणि माणूस चक्रावून जातो. इलाज सोपा: जुने गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये ठेवूच नका. सी किंवा डी ड्राइव्हवर ‘गेम्स’ नावाचं फोल्डर करा आणि तिथे इन्स्टॉल करा. आधीच झालं असेल तर व्हर्च्युअलस्टोअरमधली त्या गेमची प्रत शोधा, सेव्ह केलेले खेळ त्यातच असू शकतात, ते हलवून मगच ती काढा.

दुसरं कारण: गेम बंद होताना स्वतःची फाइल नव्याने लिहितो. गेम चालू असताना फाइल बदलली तर बाहेर पडताक्षणी तुमचा बदल पुसला जातो. आधी गेम पूर्ण बंद करा, मग फाइल उघडा. ‘क्वेक ३’मध्ये यावर सोय आहे: क्यू३कॉन्फिग फाइलला हात न लावता बेसक्यू३ फोल्डरमध्ये ऑटोएक्झेक नावाची वेगळी फाइल करायची. गेम ती दर वेळी वाचतो पण तिच्यात कधी लिहीत नाही. ज्या गेममध्ये अशी सोय नाही तिथे लोक फाइल ‘रीड ओन्ली’ करून टाकतात. चालतं, पण मग कळांची मांडणी, आवाजाची पातळी, काहीच जतन होत नाही, आणि काही गेम फाइल लिहिता आली नाही म्हणून सुरूच होत नाहीत. शेवटचा उपाय म्हणूनच करा.

तिसरं: ड्रायव्हर. नवा ड्रायव्हर ‘क्लीन इन्स्टॉल’ केला की स्केलिंगसकट सगळी सेटिंग मूळपदावर जातात. ड्रायव्हर टाकून झाल्यावर पुन्हा खेळायच्या आधी ते पान एकदा उघडून बघायची सवय लावा. मॉनिटर किंवा पोर्ट बदलला तरीही बघा, कारण कार्ड हे सेटिंग प्रत्येक मॉनिटरपुरतं वेगळं ठेवतं. दोन मॉनिटर असतील तर भलत्याच मॉनिटरचं बदलून येण्याचा संभव फार.

चौथं: स्टीमसारख्या ठिकाणी गेमच्या फाइलींची पडताळणी केली, किंवा गेमला अपडेट आलं, की बदललेली एक्झी आणि काही वेळा पॅचच्या फाइलीही मूळ फाइलींनी झाकल्या जातात. अँटीव्हायरसही अधूनमधून अनोळखी डीएलएल उचलून कोठडीत टाकतो. काल चालणारा पॅच आज अचानक बंद पडला तर आधी अँटीव्हायरसच्या कोठडीतली यादी बघा. पॅच आणि बदललेल्या फाइली एका वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवल्या तर परत टाकणं म्हणजे नुसतं कॉपी-पेस्ट.

बिघाड परत आला की पट्टीचं माप आणि मॉनिटरच्या माहितीचं पान, एवढंच आधी करा. मॉनिटरवर मागच्या वेळी १९२० × १०८० दिसत होतं आणि आता ८०० × ६०० दिसतंय, तर ड्रायव्हरने सेटिंग विसरलंय हे तिथेच कळतं आणि गेमच्या फाइलींना हात लावायची गरज पडत नाही.

जे दुरुस्त होणार नाही

प्रत्येक गेम पडदाभर व्हायलाच हवा, हा हट्ट मला पटत नाही. ज्या गेममध्ये प्रत्येक खोली म्हणजे आधीच रंगवलेलं एक चित्र आहे, तिथे बाजूला दाखवायला काही नाहीच. काळे पट्टे राहू द्या. १९९९ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स २’सारख्या वरून दिसणाऱ्या गेममध्ये रुंद रिझोल्यूशन दिलं की नकाशा जास्त दिसतो, पण सैनिक मुंगीएवढे होतात, २४ इंची १०८० वर ठीक, ४के वर डोळे फोडून घेणं. तिथे १२८० × ७२० च्या आसपासचं रिझोल्यूशन पॅचने देऊन कार्डाकडून मोठं करून घेतलेलं बरं.

मधल्या चित्रफितींचंही तसंच. त्या ६४० × ४८० मध्ये आधीच मुद्रित झालेल्या असतात आणि कित्येक गेम त्या पडदाभर ओढून दाखवतात. खेळ बरोबर, फीत पसरट, असं असेल तर तुमची सेटिंग चुकलेली नाहीत. त्या गेमच्या पॅचमध्ये चित्रफितींचं प्रमाण जपण्याचा पर्याय आहे का तेवढं बघा. नसेल तर एस्केप दाबून पुढे चला.